मी ‘न्हाई’ सोडलं तेव्हा

धर्मापुरीच्या जुन्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दगडाच्या बायका उभ्या आहेत. एकीच्या हातात आरसा, दुसरी पायातला काटा काढतेय, तिसरी कंबर वाकडी करून नुसतीच उभी. लग्न होऊन त्या गावात आले, तेव्हा मला पहिल्यांदा दर्शनाला नेलं आणि देवाच्या आधी मी या बायांनाच पाहिलं. शेकडो वर्षं उभ्या असतील, पण एकीच्याही हातात खराटा नाही, एकीच्याही डोक्यावर शेणाची पाटी नाही. मला वाटलं, बाईचा जन्म असावा तर असा. आत गाभाऱ्यात सगळ्याजणींनी डोळे मिटून नवऱ्याला आयुष्य मागितलं. मी महादेवाला म्हटलं, बाबा, मला भिंतीवर घे.

तेव्हा मी चौदा-पंधराची असेन. नक्की सांगता येत नाही, कारण पोरीचा जन्म आमच्याकडे कुणी ध्यानात ठेवत नसे. म्हैस कधी व्याली ते मात्र मामंजींना तिथीसकट पाठ होतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. भला माणूस. सरकारातून उर्दूत लिहिलेला कागद आला की तो डोळ्यांसमोर धरून मान डोलवायचे आणि मग हळूच कुणाला तरी विचारायचे, “काय म्हणतंय बे सरकार?” घरचं खरं सरकार आत्याबाई, म्हणजे सासूबाई. त्यांना कागद लागत नव्हता. त्यांच्या खालोखाल माझी मोठी जाऊ राहीबाई. ही पहाटे पहिल्या कोंबड्याला उठायची, जात्यावर बसायची आणि गाणं म्हणत दळायची. मला त्या जात्याच्या आवाजापेक्षा तिच्या गाण्याचा राग यायचा. दळायचं तर दळ, वर आनंद कशाला दाखवायचा? सकाळी घरभर करडईच्या तेलात परतलेल्या लसणाचा वास असायचा, चुलीवर येसराची आमटी उकळत असायची, गोठ्यात धारांचा चुर्र चुर्र आवाज चाललेला असायचा. या सगळ्या गोकुळात एकच जीव असा होता की ज्याच्या पोटात रोज ठरल्या वेळी दुखायचं. दळायच्या वेळी पोटात, सारवायच्या वेळी कमरेत, पाण्याला जायच्या वेळी डोक्यात. जेवायच्या वेळी मात्र सगळी दुखणी पळून जायची आणि मी ज्वारीच्या चार भाकरी ठेच्याबरोबर संपवायचे. आज माझ्या नातसुना कामाला कंटाळल्या की मी त्यांना रागावत नाही. त्यांची कारणं ऐकते आणि मनात म्हणते, पोरींनो, अजून कच्च्या आहात.

आषाढातल्या एकादशीला गावातल्या बायका दुपारी देवळात जमत. चातुर्मास बसायचा, म्हणजे चार महिने नेम धरायचा. प्रत्येकीने पुराण सांगणाऱ्या महाराजांसमोर बसायचं, आपण काय सोडणार ते बोलायचं, महाराज तळहातावर तुळशीचं पान ठेवून पळीभर पाणी सोडणार, आणि मग कार्तिकातल्या एकादशीपर्यंत सुटका नाही. कुणी वांगं सोडी, कुणी कांदा, कुणी बाजेवर झोपणं. सोडलेली वस्तू शेवटच्या दिवशी महाराजांना दान करायची आणि मग पुन्हा खायला लागायचं. महाराजांच्या घरी कार्तिकात वांग्यांचा ढीग लागायचा तो यामुळे. मी तर घरूनच ठरवून गेले होते. मी कारलं सोडणार होते. कारलं मी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं.

राहीबाईची पाळी माझ्या आधी. तिने वांगं सोडलं, आणि वर संध्याकाळच्या जेवणातलं मीठसुद्धा सोडलं. बायांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. महाराज खूश झाले. आत्याबाईंनी पदर सारखा करून चारी दिशांना पाहिलं, आपली सून सगळ्यांना दिसतेय ना म्हणून. मग मी पुढे सरकले. तोंड उघडणार, तेवढ्यात राहीबाई हसत हसत म्हणाली, “महाराज, ही बापडी काय सोडणार? हिच्यापाशी एकच जिन्नस हाय, न्हाई! दळ म्हणलं की न्हाई, झाड म्हणलं की न्हाई.”

सगळा मंडप हसला. त्या दगडी बायासुद्धा हसल्या असतील. माझ्या कानशिलाला असा जाळ लागला की कारलं कुठल्या कुठे गेलं. मी हात पुढे केला आणि म्हणाले, “तेच सोडते. चार महिने मी कुणालाच, कशालाच न्हाई म्हणणार न्हाई.”

“नीट इचार कर पोरी,” महाराज म्हणाले. “नेम मोडला तर तो धन्याच्या डोक्यावर बसतो.”

आता माझे धनी म्हणजे सतरा वर्षांचे, मिशीची नुसती रेघ आलेले. पण परळीच्या बाजारातून चोरून माझ्यासाठी रेवड्या आणायचे. त्यांच्या डोक्यावर काही बसावं असं मला वाटत नव्हतं. पण रागात माणूस रेवड्यांचा विचार करत नाही. “सोडा पाणी,” मी म्हणाले. महाराजांनी सोडलं.

घरी पोचेपर्यंत गावभर झालं होतं. दारातच राहीबाई म्हणाली, “गोदे, उद्या पहाटचं जातं तू घेतीस का?” मी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, “हो.” तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. शेजारची गंगू शेणाच्या गोवऱ्या थापायला बोलवायची. पाटलाच्या म्हाताऱ्या आईला रोज दुपारी पाठ खाजवून हवी असायची, आणि ती पाठ काय, मैदान होतं. एका बाईने मला बसवून आपल्या भावाच्या कोर्टातल्या भांडणाची हकिकत पहिल्यापासून ऐकवली, आणि “आजून सांगू का?” असं विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं भावासाठी रडतेय. गल्लीतली पोरं यायची, “काकी, घोडा हो.” मी घोडा व्हायचे.

सुटायचे सगळे उपाय मी करून पाहिले. आधी “हो, पण उद्या” म्हणायला लागले. आत्याबाईंनी निकाल दिला की उद्या म्हणजे लुगडं नेसलेलं न्हाईच. मग मी तीन दिवस बहिरी झाले. कुणी काही सांगितलं की नुसती टकामका पाहायचे. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या पार टोकाला कासाराने “बांगड्याऽऽ” अशी हाळी दिली आणि मी सगळ्यांच्या आधी उंबऱ्यावर. आत्याबाईंनी फक्त सूप माझ्या पुढ्यात सरकवलं.

रोज पहाटे जात्याचा खुंटा धरला की मी महादेवाला शिव्या द्यायचे. मोठ्याने नाही, मनातल्या मनात, पण ओवीच्या चालीत. एका पसाभर ज्वारीला एक शिवी. हळूहळू असं झालं की पीठ पडायला लागलं की शिवी आपोआप यायची, आणि शिवी आली की पीठ पडायचं. याला नामस्मरण म्हणतात हे मला कुठे ठाऊक होतं? पुढे एका कीर्तनात ऐकलं की देवाला विरोधाने आठवलं तरी ते पोचतं, तेव्हा म्हटलं, मग माझं तर पोत्याने पोचलं असणार. आणखी एक गोष्ट हळूच ध्यानात येत होती, पण मी ती स्वतःला कळू देत नव्हते. पोटात दुखायचं बंद झालं होतं. काम तर तिप्पट झालं होतं आणि मी कमी दमत होते. काम चुकवायचं कसं याचा विचार करण्यातच माझा अर्धा दिवस जात असे. तो धंदाच बंद पडला होता.

भादव्यातली गोष्ट. रानात खुरपणी चालली होती. आम्ही सात-आठ बाया ओळीने बसून गवत काढत होतो. मामंजींनी रोजाने लावलेल्यांत कौसा होती, पोटुशी, दिवस भरत आलेले. घरी बस म्हटलं तरी ऐकायची नाही. आधीची दोन लेकरं जन्मतानाच गेली होती. घरी बसलं की तीच दिसतात, म्हणायची. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं आणि कौसाने खुरपं टाकलं. बाभळीच्या झाडाला धरून खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज आला, तो मी आधी फक्त गोठ्यात ऐकला होता.

गावाकडे माणूस पळालं. खातूनबी येईपर्यंत बायांनी लुगड्यांचा आडोसा केला. खातूनबी ही आमच्या आणि आजूबाजूच्या पाच गावांची सुईण. माझे धनी तिच्याच हातावर जन्मले होते, आणि रस्त्यात भेटले की ती त्यांना अजून “कैसा है रे उलटे?” म्हणायची, कारण ते पायाळू. ती आली तर उजवा हात कापडात गुंडाळलेला. सकाळी सरपण काढताना विंचू डसला होता. हात कोपरापर्यंत सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला, बोटं हलत नव्हती. तिने डाव्या हाताने कौसाला तपासलं, आमच्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “नाळ गले में है. एक हात से नहीं होता. मेरेकू किसी का हात होना. छोटा हात.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गंगू मागे सरकली. राहीबाई म्हणाली, “मला न्हाई बाई जमायचं, मला रगत बघवत न्हाई,” आणि खरंच तिचे ओठ पांढरे पडले होते. खातूनबीने माझे हात पाहिले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. “बेटी, तेरे हात देती क्या?”

मला कोंबडी कापलेली पाहवत नसे. माझं सगळं अंग मागे ओढत होतं. आणि आत्याबाई, बांधावर उभ्या असलेल्या, तिथूनच ओरडल्या, “गोदे! बाळंतिणीचा विटाळ हाय. हात लावलास तर धा दिवस माझ्या चुलीला शिवायचं न्हाई. घरात पाऊल टाकायचं न्हाई. गोठ्यात राहावं लागंल. कळलं का?”

दोघींनी एकदमच विचारलं होतं, आणि मला दोघींनाही नकार देता येत नव्हता. मी खातूनबीकडे पाहून म्हणाले, “हो.” आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, “हो.” आणि आडोशाच्या आत गेले.

आतलं सगळं लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून समजणार नाही. खातूनबीने घागरीतल्या पाण्याने माझे हात धुवून घेतले, पुन्हा धुवून घेतले. माझे हात कापत होते. “पोरी,” ती म्हणाली, “काम उसका है. हात अपने. उलटा हुआ तो शिव्या बी अपनेच. घाबर नक्को.” मग ती कौसाच्या उशाशी बसून काहीतरी पुटपुटायला लागली. मलाही देवाचं नाव घ्यावंसं वाटलं, पण मला एवढ्या महिन्यांत एकच चाल येत होती. मी मनात म्हटलं, अरे मेल्या, तूच अडकवलंस ना मला? आता का म्हणून गप बसलास? ये की आत. भिंतीवरच्या नट्या सोड आणि इथं ये.

डोकं बाहेर आलं. निळसर. गळ्याला नाळेचा वेढा, दोरीसारखा. “नाळ के नीचे उंगली डाल,” खातूनबी म्हणाली. “खींच नक्को. धीरे. अब डोके के उपर से उतार, टोपी उतारते वैसी.” माझं बोट तिथे गेलं आणि बोटाखाली काहीतरी धडधडलं. ते लेकराचं होतं की माझं, आजही सांगता येणार नाही. मी उतरवलं. टोपीसारखंच उतरलं. मग कौसाने एकदा जीव खाऊन जोर केला आणि लेकरू माझ्या ओंजळीत आलं, गरम, बुळबुळीत, आणि गप्प. अगदी गप्प. कौसा उठायला बघत होती. “गेलं का?” ती म्हणाली. “हे बी गेलं का?” मला आयुष्यात इतकं मोठ्याने न्हाई ओरडावंसं कधी वाटलं नव्हतं. पण दातावर दात दाबून धरले. खातूनबी म्हणाली, “तिरपी धर. मुँह पोछ. पीठ घिस, जोर से, लाजू नक्को.” मी पाठ चोळली. पाटलाच्या म्हातारीची रोज खाजवत होते, तीच सवय. चोळली, चोळली, आणि त्या लेकराने तोंड वाकडं करून अशी किंकाळी मारली की बांधावरचे बगळे उडाले.

मुलगी होती. आमच्याकडे मुलगी झाली की लोक हवापाण्याचं बोलायला लागतात. कौसा नाही बोलली. ती नुसती कान देऊन पडली होती. लेकरू क्षणभर थांबलं तशी घाबरून मला म्हणाली, “आजून एकदा रडव गं. जरासंच.”

मी रडवलं. आणि त्या मुलीबरोबर मीही रडून घेतलं, तिच्याहून मोठा गळा काढून. खातूनबी म्हणाली, “एक बस हुई होती. दूसरीकू कौन पाळना देगा?”

मग माझे गोठ्यातले दहा दिवस. आता गंमत बघा. दळायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, पाण्याला जायचं नाही. महादेवाने मला मागितल्याप्रमाणे भिंतीवर घेतलं होतं. पहिला दिवस मी कंबर वाकडी करून, खांबाला टेकून, त्या दगडी बाईसारखी काढला. दुसऱ्या दिवशी कमरेला कळ लागली. तिसऱ्या दिवशी मी गोठा झाडत होते. कुणी सांगितलं नव्हतं. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण लिहायला बसले आहे तर खरं लिहावं. चौथ्या दिवशी शेण भरलं, पाचव्या दिवशी म्हशीला धुतलं, आणि सहाव्या दिवशी पहाटे आतून राहीबाईच्या जात्याचा आवाज आला तेव्हा गोठ्यातून तिच्या गाण्याला साथ दिली. ती मध्येच थांबली. मग आतून आवाज आला, “चाल चुकली, गोदे.” आणि पुन्हा सुरू झाली, या वेळी जरा सावकाश, मला धरता यावी म्हणून.

आत्याबाई जेवण उंबऱ्यावर ठेवायच्या, बांबूने ताट पुढे ढकलायच्या आणि तोंड फिरवून जायच्या. पण भाकरी उलटली तर खाली लोण्याचा गोळा लपवलेला असायचा, घरात कुणाला दिसू नये असा. मी तो खाल्ला आणि ब्र काढला नाही. आमच्यातलं पहिलं गुपित ते.

त्यानंतर खातूनबी मला बोलवायला लागली. तिचा हात बरा झाला तरी बोलवायची. मी हो म्हणायचे, कारण नेम होता. असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि स्वतःलाही. कार्तिकापर्यंत माझ्या ओंजळीत आणखी चार लेकरं आली. दर वेळी मी देवाला त्याच शेलक्या शब्दांत आत बोलवायचे. खातूनबी तिच्या देवाला अदबीने बोलवायची. कोण येत होतं ते आम्ही दोघींनी कधी तपासलं नाही. गर्दी होत नव्हती एवढं खरं.

कार्तिकातल्या एकादशीचा उपास सोडून दुसऱ्या दिवशी आम्ही नेम सोडायला देवळात गेलो. राहीबाईने वांग्यांची पाटी आणि मिठाचं गाडगं महाराजांपुढे ठेवलं. मग माझी पाळी. महाराज विचारात पडले. सोडलेली वस्तू दान करायची, तर आता न्हाई कसं दान करणार? शेवटी त्यांनी तोड काढली. “असं करू. मी काहीतरी मागतो. तू न्हाई म्हण. ते मला दिलं आसं समजू. नेम सुटला.” बाया पुढे सरकल्या. सगळ्यांना ते ऐकायचं होतं. महाराजांनी घसा साफ केला. “गोदाबाई, मला शेरभर गूळ देतीस का?”

मी तोंड उघडलं. चार महिने साठवलेलं न्हाई जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, काय गोड लागत होतं! तेवढ्यात देवळाच्या पायरीखाली बैलगाडी थांबली. गाडीत खातूनबी, आणि कासरा धरून एक परगावचा माणूस, घामाने निथळलेला. खातूनबीने खालूनच हाक मारली, “बेटी, जुळे हैं. चलती क्या?”

आत्याबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “नेम संपलाय बरं का. आता न्हाई म्हणता येतंय.” आणि बोलता बोलता माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. आत दोन धपाटे होते, अजून ऊन. म्हणजे बोलावणं कधीही येईल म्हणून बाईने घरून निघतानाच बांधून आणले होते.

“हो,” मी म्हणाले, आणि पायऱ्या उतरले. महाराजांनी तो हो आपल्या गुळाला लावला आणि शेवटी आत्याबाईंना शेरभर गूळ द्यावा लागला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

देवळाला वळसा घालून गाडी निघाली तेव्हा भिंतीवरच्या त्या बायांकडे मी पाहिलं. आरसेवाली तशीच आरशात बघत होती. बिचारी. काटा काढणारीचा काटा अजून निघाला नव्हता.

तर तेव्हापासून माझा नेम सुटायचा राहिलाच आहे. अक्षरं मी पन्नाशीनंतर नातीच्या पाटीवर शिकले, पण माझ्या हातावर जन्मलेल्यांची मोजदाद कधी केली नाही. रस्त्यात जो मला वाकून नमस्कार करतो तो माझा, असं धरून चालते. हात आता कापतात, पण ते पहिल्या दिवशीही कापतच होते. नातसुना विचारतात, आजी, एकदाचं न्हाई म्हणून टाका की, नेम सुटेल, जीव मोकळा होईल. मी त्यांना हसते. माझ्यापाशी ते एकच न्हाई उरलंय, आणि ते मी जपून ठेवलंय. एक दिवस दाराशी रेडा थांबेल आणि खालून हाक येईल, “गोदाबाई, चलता का?” तेव्हा ते मी काढणार आहे. साठ-सत्तर वर्षं ज्या देवाला शिव्या खाऊनसुद्धा आत यायची सवय लागलीय, तो त्या दिवशी काय करतो, बघायचंय मला.